मुक्या जीवाची शुश्रूषा आणि आपले मन

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवी वर्षाच्या या व्याख्यानमालेत मी ‘व्यापार आणि सचोटी’ या विषयावर बोलावे, अशी संयोजकांची सूचना होती. चाळीस वर्षे कापडाच्या दुकानात गादीवर बसलेल्या माणसाला तो विषय अवघड नव्हता. तरीही मी विनंती करून विषय बदलून घेतला. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. शास्त्रांचा अभ्यासक नाही आणि पशुवैद्यकाचे ज्ञान तर मला मुळीच नव्हते. परंतु आमच्याकडील एका मांजरीचा पाय कापावा लागला आणि ती बरी होईपर्यंतच्या दिवसांत माझ्या मनाची जी अवस्था झाली, ती आपल्यापुढे मांडावी असे मला मनापासून वाटले. “शेठजी, एका मांजरीसाठी एवढे?” असे मला अनेकांनी विचारले. आजचे भाषण म्हणजे त्या प्रश्नाला माझे उत्तर आहे, असे समजावे.

ही मनी आमच्याकडे कोणी आणलेली नव्हती. नगरच्या कापडबाजारातील आमच्या दुकानामागे लहानसे गोदाम आहे. तेथे ताग्यांच्या गठ्ठ्यांवर ती एका पावसाळ्यात येऊन बसली आणि तिथलीच झाली. दुपारी गिऱ्हाईक नसताना ती गल्ल्याजवळ येऊन झोपे. दिवाळीच्या वहीपूजनाला ती पाटाशेजारी बसलेली असे. नातीचा तिच्यावर विशेष जीव. सौभाग्यवती मात्र तिला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआत येऊ देत नसत, आणि मनीनेही ती मर्यादा कधी ओलांडली नाही.

दिनांक १२ डिसेंबर २०२३. लग्नसराईचे दिवस, दिवसभर उसंत नाही. रात्री साडेआठच्या सुमारास दुकान वाढवत असताना वीज गेली. नोकर निघून गेले होते. मी घाईने, अंधारातच, शटर एका झटक्यात खाली ओढले. शटर पूर्ण टेकण्यापूर्वी जो आवाज झाला तो आजही माझ्या कानांतून गेलेला नाही. मनी बाहेर येत होती आणि तिचा मागचा डावा पाय शटरखाली सापडला होता.

बंधू-भगिनींनो, हा अपघात होता असे सर्वजण म्हणतात. परंतु शटर माझ्या हाताने पडले होते. मी विजेरी लावली नाही, खाली वाकून पाहिले नाही, मनीला नेहमीसारखी हाक मारली नाही. आपल्या धर्मात याला ‘प्रमाद’ असा शब्द आहे. तत्त्वार्थसूत्राने हिंसेचा विचार करताना प्रमादाला एवढे महत्त्व का दिले आहे, हे मी अनेकदा प्रवचनांतून ऐकले होते. ते त्या रात्री मला प्रथम कळले. हिंसेसाठी मनात द्वेष असावाच लागतो असे नाही. नुसती घाईही पुरेशी होते.

गावातील डॉक्टरांनी त्याच रात्री वेदनाशामक इंजेक्शन देऊन पाय बांधला आणि पुण्यास नेण्याचा सल्ला दिला. दुसऱ्या दिवशी पहाटे मुलगा आणि मी गाडीने निघालो. तेथील तरुण डॉक्टर बाईंनी एक्स-रे दाखवला. गुडघ्याखालील हाडाचा चुरा झाला होता, रक्तवाहिन्या चिरडल्या होत्या आणि पंजा थंड पडला होता. त्यांनी चिमट्याने बोट दाबून पाहिले, तेव्हा मनीने पाय ओढून घेतला नाही की आवाजही केला नाही. दोन दिवस वाट पाहिली, परंतु त्या पायात रक्त फिरले नाही. तेव्हा त्या म्हणाल्या, “काका, हा पाय ठेवला तर तो सडेल आणि जंतुसंसर्ग सगळ्या शरीरात पसरेल. पाय मांडीपासून काढावा लागेल.” कायमची झोप देण्याचा दुसरा मार्गही असतो, हे त्यांनी कर्तव्य म्हणून सांगितले. तो आम्ही स्वीकारणार नव्हतो.

माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो असा की, इजा गुडघ्याखाली असताना पाय इतक्या वरून का कापायचा? मला ती आणखी एक क्रूरता वाटली. डॉक्टरांनी शांतपणे समजावून सांगितले. अर्धवट खुंट राहिला तर मांजर त्यावर भार देऊन चालण्याचा प्रयत्न करते, तो खुंट घासतो आणि तेथे वारंवार जखमा होतात. मांडीच्या वरच्या भागातून कापल्यास हाडाच्या टोकावर स्नायूंचे जाड आवरण घालता येते. शिवाय मांजर आपल्या वजनाचा साधारण ६० टक्के भार पुढच्या दोन पायांवर पेलते. त्यामुळे मागचा एक पाय गेला तरी ते बहुधा चांगले चालू लागते. हे ऐकल्यावर माझी सही करताना थरथरणारी बोटे थोडी स्थिर झाली. दया आणि ज्ञान यांचा संबंध काय, याचा तो पहिला धडा होता. दशवैकालिक सूत्राने ज्ञानाला दयेच्या आधीचे स्थान दिले आहे. आपण मात्र बहुधा नुसत्या कळवळ्यालाच दया समजतो.

शस्त्रक्रियेनंतर तीन दिवसांनी मनी घरी आली. खरी परीक्षा तेथून सुरू झाली.

प्रथम मी तिच्याकडे पाहू शकलो नाही, हे कबूल केले पाहिजे. पाठीच्या कण्यापासून पोटापर्यंत एका बाजूचे केस काढलेले, त्वचा जांभळी पडलेली, टाक्यांची लांब रेघ आणि जेथे पाय असायचा तेथे काही नाही. गळ्यात प्लास्टिकची मोठी कॉलर. मी खोलीच्या दारातून परत फिरलो. सामायिकाला बसलो, परंतु त्या ४८ मिनिटांत मन एक क्षणही ठरले नाही. डोळे मिटले की शटर दिसे.

पहिल्या रात्री मनी झोपली नाही. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झालेल्या, उठायची, कोलमडायची, पुन्हा उठायची. ती वेदनेने वेडी झाली आहे आणि आपण तिला उगाच जगवले, असे मला वाटू लागले. रात्री दोन वाजता मुलाने डॉक्टरांना फोन केला. तीव्र वेदनाशामक औषधाने मांजरांच्या बाहुल्या अशा विस्फारतात आणि काही मांजरे अस्वस्थ होऊन फिरतात, दोन दिवसांत हे कमी होईल, असे त्यांनी सांगितले. तसेच झाले. ज्या दृश्याने मी खचलो होतो त्याचा अर्थच मला ठाऊक नव्हता.

याच्या उलट प्रकारही घडला. तिसऱ्या दिवशी एका हितचिंतकाने सांगितले की, माणसाची अंगदुखीची गोळी असते, त्यातला चतुर्थांश तुकडा दुधातून द्या, मनीला आराम पडेल. त्यांच्या मनात करुणाच होती. सुदैवाने आम्ही आधी विचारले. ती गोळी पॅरासिटामॉलची होती. मांजरीच्या यकृतात ते औषध पचवून बाहेर टाकण्याची क्षमता अगदी अल्प असते. थोड्या मात्रेनेही तिचे रक्त प्राणवायू वाहून नेण्यास असमर्थ होते आणि मृत्यू येऊ शकतो. आपल्या प्रेमाने तो जीव गेला असता. मी आपणा सर्वांना हात जोडून विनंती करतो की, माणसाचे कोणतेही औषध डॉक्टरांना विचारल्यावाचून मुक्या प्राण्याला देऊ नका.

आता मनाविषयी. पाचव्या-सहाव्या दिवशी मी पार खचलो होतो. दुकानात लक्ष नाही, जेवणावर वासना नाही. आमच्या जुन्या मुनीमजींनी मला एक वाक्य सुनावले. ते म्हणाले, “शेठ, तुम्ही नुसते नुकसान मोजत बसला आहात, रोजमेळ कोण लिहिणार?” त्यांचा रोख दुकानाच्या वहीकडे होता, परंतु मला त्यातून मार्ग सापडला. मी मनीच्या नावाने एक लहान लाल वही घातली. सकाळी किती ग्रॅम खाल्ले, पाणी प्याली का, लघवी-शौच झाले का, औषध किती वाजता दिले, जखमेवर सूज वा ओल आहे का, अंग चाटण्याचा प्रयत्न केला का, हे सर्व दिवसातून तीनदा लिहायचे. त्यासाठी मला खोलीत जावेच लागे आणि जखमेकडे पाहावेच लागे. काय पाहायचे हे ठरलेले असल्यामुळे त्या जखमेची भीती हळूहळू गेली.

डॉक्टरांनी सांगितले होते की, मांजर वेदना लपवते. ती ओरडेलच असे नाही. पाठ कुबडी करून बसणे, डोळे अर्धे मिटून घेणे, कान बाजूला वळवणे, कोपऱ्यात तोंड करून राहणे, अंग चाटणे सोडून देणे, ही तिच्या वेदनेची भाषा आहे. मांजरीने दोन-तीन दिवस काहीच खाल्ले नाही तर तिच्या यकृतात चरबी साचून जीवघेणा आजार होऊ शकतो, म्हणून ‘उद्या खाईल’ असे म्हणून थांबायचे नसते. ही माहिती मिळाल्यावर माझी रात्रीची भीती निम्म्याने उतरली. भ्यावे केव्हा आणि भिऊ नये केव्हा, हे कळले. नवव्या दिवशी मी ती वही मागून पुढे वाचली. पहिल्या दिवशी खाणे जवळजवळ शून्य, नवव्या दिवशी नेहमीच्या निम्म्याहून अधिक. पहिल्या दिवशी उठताच पडली, नवव्या दिवशी स्वतः मातीच्या ट्रेपर्यंत गेली. मनी रोज थोडी थोडी बरी होत होती आणि माझे मन मात्र १२ डिसेंबरच्या रात्रीच थांबले होते. वहीने ते मला दाखवले.

आता एका नाजूक प्रश्नाकडे वळतो. तो टाळला तर हे भाषण प्रामाणिक होणार नाही. मांजर हा स्वभावतः मांसाहारी जीव आहे. टॉरिनसारखे काही घटक तिच्या शरीराला प्राणिजन्य अन्नातूनच मिळतात. ते न मिळाल्यास तिची दृष्टी व हृदय दुर्बल होते. आम्ही तिला वर्षानुवर्षे दूध-पोळी घालत होतो आणि उरलेले ती स्वतः काय करत होती, याकडे डोळेझाक करत होतो. खोलीत बंद असताना ती डोळेझाक शक्य नव्हती. जखम भरण्यास प्रथिने हवी होती. आमच्या घरात यावर दोन रात्री चर्चा झाली. शेवटी सौभाग्यवतीच म्हणाल्या, “तिचा आहार तिच्या कर्माने तिला मिळालेला आहे. आपला नियम आपल्यासाठी. पण पाय आपल्या हातून गेला आहे, तर तिला उपाशी ठेवून आपण कोणते पुण्य जोडणार?” डॉक्टरांनी दिलेले डबाबंद खाद्य दुकानामागच्या खोलीत, वेगळ्या भांड्यात, मुलगा घालू लागला. हा निर्णय सर्वांना पटेल असे मी म्हणत नाही. मलाही तो सहज पटला नाही आणि आजही प्रतिक्रमणाच्या वेळी तो आठवतो. परंतु जीव सांभाळण्याची जबाबदारी घेतल्यावर त्याच्या देहाचा धर्म जाणून न घेणे हाही एक प्रमादच आहे, एवढे मी समजलो.

चौदाव्या दिवशी टाके काढले. डॉक्टरांच्या सल्ल्याने आणखी दोन आठवडे तिला लहान खोलीतच ठेवले, म्हणजे ती उंच उडी मारणार नाही. जमिनीवर पाय घसरू नयेत म्हणून दुकानातील जाड सतरंजीचे तुकडे अंथरले. ट्रेची एक कड कापून बुटकी केली. शेवटी एका रविवारी खोलीचे दार उघडले. मी, मुलगा, सून, नात सर्वजण श्वास रोखून उभे होतो. मनी उंबऱ्याशी थांबली, शेपूट उंच केली, आणि ससा चालतो तशा लहान उड्या घेत सरळ गल्ल्याजवळ जाऊन आपल्या जागेवर बसली. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. नात म्हणाली, “दादाजी, तिला माहीतच नाही की आपण रडतो आहोत.”

त्या लेकीच्या बोलण्यावर मी फार विचार केला. मनीला वेदना झाल्या, भीती वाटली, हे खरे. परंतु ‘माझे आता कसे होणार’, ‘लोक काय म्हणतील’, ‘मी पूर्वी कशी होते’ असे तिच्या वागण्यात मला कधी दिसले नाही. त्या दुःखाचा मोठा भाग आम्ही आमच्या मनात निर्माण करून तिच्यावर लादला होता. तिला लागत होते ते वेळेवर औषध, स्वच्छ जागा, अन्न आणि परिचित आवाज. माझे अश्रू तिच्या उपयोगाचे नव्हते.

मेघकुमाराच्या पूर्वभवाची कथा आपण सर्वजण जाणतो. ज्ञाताधर्मकथेतील तो हत्ती. वणव्यातून वाचण्यासाठी एका मोकळ्या जागेत प्राण्यांची दाटी झालेली. हत्तीने अंग खाजवण्यासाठी पाय उचलला, तेवढ्यात एक ससा त्या रिकाम्या जागी येऊन बसला, आणि तो चिरडू नये म्हणून हत्ती अडीच दिवस तीन पायांवर उभा राहिला. लहानपणापासून ही कथा ऐकताना मला हत्तीचे धैर्य दिसे. आता मला वेगळेच दिसते. पाय खाली ठेवण्यापूर्वी त्याने खाली पाहिले. माझ्यात आणि त्याच्यात अंतर आहे ते तेवढ्या एका क्षणाचे.

आणखी एक गोष्ट सांगतो. मांजर मागच्या पायाने आपला कान खाजवते. मनीचा डावा पाय नाही, म्हणून तिचा डावा कान तिला खाजवता येत नाही. कधीकधी ती मान तिरकी करते आणि डाव्या मांडीचे उरलेले स्नायू भराभर हलू लागतात. तिला वाटते आपण खाजवतो आहोत. पहिल्यांदा ते पाहिले तेव्हा मला दुकानात थांबवेना. आता मी तसे दिसताच उठतो आणि तिचा डावा कान माझ्या बोटांनी खाजवतो. गिऱ्हाईक समोर असले तरी दोन मिनिटे माफी मागून उठतो. अपराधाची भावना पूर्ण गेली का, असे कोणी विचारले तर नाही, असेच सांगेन. तिची एकरकमी फेड होत नाही. परंतु रोज काही हप्ता भरता येतो, आणि हप्ता भरणाऱ्याला रात्री झोप लागते.

ज्यांच्या घरी असा प्रसंग येईल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांना सर्व शंका विचाराव्यात, लाजू नये. घरातील कामे वाटून घ्यावीत, कारण एकट्याने केलेली शुश्रूषा माणसाला मोडते. लहान मुलांपासून काही लपवू नये, त्यांना एखादे छोटे काम द्यावे. नोंद ठेवावी. जखमेतून स्राव, दुर्गंधी, टाके उसवणे वा अन्नत्याग दिसल्यास त्वरित डॉक्टरांना कळवावे. पुढे वजन वाढू देऊ नये, कारण तीन पायांवर अधिक भार पडतो. आणि ‘मांजरच तर आहे’ असे म्हणणाऱ्यांशी वाद घालू नये.

आपल्या समाजाला ही परंपरा नवी नाही. मुंबईत १८३४ साली पांजरपोळ उभी राहिली, ती सर जमशेटजी जीजीभॉय आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने. एक पारशी आणि एक जैन व्यापारी. १८७४ साली मुंबईत प्राण्यांवरील क्रूरता रोखणारी संस्था स्थापन झाली. १८८६ मध्ये तेथे पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. आपल्या संविधानात १९७६ पासून प्राणिमात्रांविषयी करुणा बाळगणे हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे. म्हणजे आश्रय, कायदा आणि वैद्यक या तिन्ही गोष्टी आपल्याजवळ आहेत. या सुवर्णमहोत्सवी वर्षात आपल्या ट्रस्टने जखमी प्राण्यांच्या उपचारासाठी एक लहानसा निधी काढावा आणि पर्युषणात एक दिवस पशुवैद्यकाचे व्याख्यान ठेवावे, अशी माझी नम्र सूचना आहे. पहिली रक्कम मी मनीच्या नावाने देत आहे.

आमच्या दुकानात आता एक नियम आहे. शटर ओढण्यापूर्वी विजेरी लावायची, खाली वाकून पाहायचे, हाक मारायची, शटर अर्ध्यावर आणून थांबायचे आणि मगच पूर्ण टेकवायचे. यास एक मिनिटही लागत नाही. आपले पूर्वज ज्याला ‘जयणा’ म्हणत ती हीच असावी. बाजारातील आणखी काही दुकानदारांनी हा नियम उचलला आहे, याचा मला संतोष आहे.

२०२४ च्या संवत्सरीला प्रतिक्रमण झाल्यावर मी सर्वांची क्षमा मागून घरी आलो. मनी गल्ल्याजवळ झोपली होती. मी तिच्यापुढे बसलो आणि हात जोडून ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणालो. तिने एक डोळा उघडून पाहिले, मान तिरकी केली आणि डावा कान माझ्यापुढे केला.